दिल्लीच्या कॉमिक्सचा इतिहास

हिंदी कॉमिक्सचा व्यवसाय दिल्लीत साधारण १९७० नंतर आकाराला आला, १९८० च्या दशकात भरभराटीला पोचला आणि शतक संपता संपता ओसरला. चाचा चौधरी, साबू, बिल्लू, पिंकी, नागराज, सुपर कमांडो ध्रुव, बांकेलाल ही या व्यवसायाची अपत्ये. राजस्थानपासून बिहारपर्यंतच्या गावांत, आणि जिथे मुले हिंदी सहज वाचतात अशा नागपूर-मुंबईसारख्या शहरांतही ती घरच्यासारखी झाली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या हिंदी वाचकांच्या बालपणीच्या आठवणींत उन्हाळ्याची सुट्टी आणि कॉमिक्स वेगळी काढता येत नाहीत. एवढ्या मोठ्या प्रदेशातल्या मुलांच्या आठवणी इतक्या सारख्या निघतात याचे कारण त्या व्यवसायाच्या रचनेत आहे. दिल्लीचे प्रकाशक, मेरठचे लेखक, पुण्या-मुंबईचे चित्रकार, रेल्वेचे स्टॉल आणि गल्लीतली भाड्याची दुकाने अशी ती साखळी होती.

लाहोरहून आलेला धंदा

फाळणीपूर्वी वायव्य भारतातील प्रकाशनाचे मोठे केंद्र लाहोर होते. उर्दू, हिंदी आणि पंजाबी पुस्तके, वृत्तपत्रे व शालेय पुस्तके तिथे छापली जात. १९४७ मध्ये या व्यवसायातले अनेक हिंदू आणि शीख प्रकाशक, मुद्रक, पत्रकार आणि कारागीर निर्वासित होऊन दिल्लीत आले. लाहोरची ‘राजपाल अँड सन्स’ ही संस्था दिल्लीत काश्मिरी गेटजवळ नव्याने उभी राहिली. ‘मिलाप’ हे वृत्तपत्रही लाहोर सोडून दिल्लीत आले. दर्यागंज, अन्सारी रोड, नई सडक या भागांत पुस्तकांची दुकाने व गोदामे वाढली. चावडी बाजारातला कागदाचा घाऊक बाजार जवळच होता, त्यामुळे छपाईचा सगळा कारभार पायी चालत आटोपता येईल एवढ्या परिसरात एकवटला.

राजपाल अँड सन्सच्या घराण्यातील दीनानाथ मल्होत्रा यांनी १९५८ मध्ये ‘हिंद पॉकेट बुक्स’ सुरू केले. खिशात मावेल अशा आकाराचे पुस्तक एक रुपयात देण्याची त्यांची योजना होती. पुढे त्यांनी ‘घरेलू लायब्ररी योजना’ काढली आणि टपालाने घरपोच पुस्तके पाठवायला सुरुवात केली. या प्रयोगाने हिंदी प्रकाशनाला दोन गोष्टी शिकवल्या. किंमत कमी ठेवली तर पुस्तक घेणारा वर्ग अफाट वाढतो, ही पहिली. दुसरी ही, की हा वर्ग पुस्तकाच्या दुकानात जात नाही. तो रेल्वेच्या फलाटावर, बसस्थानकावर आणि पानाच्या ठेल्याशेजारी पुस्तक विकत घेतो. ए. एच. व्हीलरचे स्टॉल उत्तर भारतातील रेल्वे स्थानकांवर आधीपासून होतेच. दिल्ली आणि सुमारे ७० किलोमीटरवरच्या मेरठमधून निघणाऱ्या रहस्यकथा व सामाजिक कादंबऱ्या या जाळ्यातून गावोगाव पोचू लागल्या.

पुढे कॉमिक्स काढणाऱ्या संस्थांची मूळ नावे पाहिली तर हा वारसा लगेच ध्यानात येतो. डायमंड पॉकेट बुक्स, राजा पॉकेट बुक्स, मनोज पॉकेट बुक्स, तुलसी पॉकेट बुक्स अशी ती नावे आहेत. यातल्या पहिल्या तीन दिल्लीच्या आणि शेवटची मेरठची. मोठ्यांसाठी स्वस्त कादंबऱ्या छापणाऱ्यांनीच आपले छापखाने आणि वितरक मुलांच्या सेवेला लावले.

मुलांसाठी मासिके

याच काळात दिल्लीत मुलांसाठी आणखी एक प्रवाह वाहत होता, तो राष्ट्रउभारणीच्या ध्येयातून निघालेला. व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लै यांनी १९४८ मध्ये ‘शंकर्स वीकली’ सुरू केले आणि पुढच्याच वर्षी मुलांची चित्रस्पर्धा भरवली. ती लवकरच आंतरराष्ट्रीय झाली. १९५७ मध्ये त्यांनी ‘चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट’ ही संस्था स्थापन केली. बहादूरशाह जफर मार्गावरील तिच्या ‘नेहरू हाउस’ या इमारतीत १९६५ मध्ये जगभरच्या बाहुल्यांचे संग्रहालय उघडले. केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाचे ‘बालभारती’ हे हिंदी मासिक १९४८ पासून निघत होते. नेहरूंच्या निधनानंतर १९६४ मध्ये हिंदुस्तान टाइम्स समूहाने त्यांच्या स्मरणार्थ ‘नंदन’ काढले. साठच्या दशकाच्या अखेरीस ‘दिल्ली प्रेस’ने ‘चंपक’ सुरू केले. प्राण्यांच्या गोष्टींचे हे पाक्षिक मराठीतही निघाले आणि महाराष्ट्रातल्या घरांत पोचले.

या सर्व नियतकालिकांत मजकूर मुख्य होता, चित्र त्याच्या सोबतीला. मराठी मुलांचे वाचनही असेच होते. १९५२ पासून ‘चांदोबा’ मराठीत येत होता, १९७१ मध्ये महाराष्ट्राच्या ‘बालभारती’ या पाठ्यपुस्तक मंडळाने ‘किशोर’ सुरू केले आणि भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने तर शब्दांच्याच बळावर मुलांना वेड लावले. हिंदी प्रदेशात मात्र सत्तरच्या दशकात वेगळी वाट फुटली. चित्रांच्या चौकटींतून पुढे सरकणारी गोष्ट मुलांच्या वाचनात पुढे आली. नुकते अक्षर ओळखू लागलेले मूल आणि शाळा अर्धवट सुटलेला किशोर या दोघांनाही ती वाचता येत होती. साक्षरता कमी असलेल्या प्रदेशात कॉमिक्स एवढी का रुजली, त्याचे एक उत्तर इथे सापडते.

दूरचित्रवाणीवरील एक प्रश्नमंजूषा

भारतात कॉमिक्सचे नियमित प्रकाशन मुंबईत सुरू झाले. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढले आणि ली फॉक यांचा फँटम भारतीय भाषांत आणला. मराठी वाचक त्याला वेताळ म्हणून ओळखतात. जंगलातला हा गोरा नायक लोकप्रिय झाला, पण तो परदेशी होता.

भारतीय कथांच्या कॉमिक्सची कल्पना मात्र दिल्लीत सुचली. फेब्रुवारी १९६७ मध्ये अनंत पै दिल्लीतल्या ‘महाराजा लाल अँड सन्स’ या पुस्तकाच्या दुकानात दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषा पाहत होते. त्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ग्रीक देवतांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर आले, परंतु रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही. या प्रसंगातून ‘अमर चित्र कथा’चा विचार जन्मला, असे पै पुढे सांगत. हा प्रसंग त्या काळी फक्त दिल्लीतच घडू शकत होता. देशातले पहिले दूरचित्रवाणी केंद्र १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले होते, आणि मुंबईला दूरचित्रवाणी यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडावे लागले. पैंनी मुंबईत इंडिया बुक हाउसमार्फत ‘अमर चित्र कथा’ उभी केली. ‘कृष्ण’ या अंकाची चित्रे राम वाईरकरांनी काढली.

‘अमर चित्र कथा’ पालकांना पसंत होती. पुराणे, संत आणि राजे यांच्या गोष्टी असल्याने शाळांतही तिला जागा मिळाली. पण मुलांना आजच्या जगातला, आपल्या मोहल्ल्यात वावरणारा नायक हवा होता. तो दिल्लीने दिला.

प्राण आणि चाचा चौधरी

प्राणकुमार शर्मा यांचा जन्म १५ ऑगस्ट १९३८ रोजी लाहोरजवळच्या कसूर गावी झाला. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब भारतात आले. १९६० मध्ये त्यांनी दिल्लीच्या ‘मिलाप’मध्ये ‘दाबू’ ही चित्रमालिका सुरू केली. म्हणजे निर्वासित चित्रकाराला पहिली जागा दिली ती निर्वासित वृत्तपत्राने. त्या वेळी भारतीय वृत्तपत्रांतील बहुतेक चित्रमालिका परदेशी संस्थांकडून विकत घेतलेल्या असत. भारतीय चेहऱ्याची पात्रे हवीत, हा प्राण यांचा आग्रह पहिल्यापासून होता.

‘मायापुरी’ समूहाच्या ‘लोटपोट’ या दिल्लीच्या बालसाप्ताहिकात त्यांनी चाचा चौधरी आणला. लाल पागोटे, पांढऱ्या झुपकेदार मिशा, जाकीट आणि हातात काठी असा हा म्हातारा होता. त्याच्याकडे कोणतीही दैवी शक्ती नव्हती. प्रत्येक गावात असतो तसा, भांडणे मिटवणारा आणि चोराला बोलण्यात अडकवणारा तो शहाणा वडीलधारा होता. त्याच्या सोबतीला गुरू ग्रहावरून आलेला अजस्र साबू होता. बिन्नी चाचीच्या हातचे जेवण आवडले म्हणून तो पृथ्वीवरच राहिला. रॉकेट नावाचा कुत्रा होता. वैद्याचे औषध पिऊन अमर झालेला राका डाकू पुन्हा पुन्हा परतून येई. बुद्धी चाचाची आणि बळ साबूचे, या जोडीत मुलांना आजोबा आणि पहिलवान दोघेही मिळाले.

प्राण यांची इतर पात्रे थेट दिल्लीच्या मध्यमवर्गीय वस्त्यांतून आली. डोळ्यांवर केस आलेला बिल्लू क्रिकेट खेळताना शेजाऱ्याची काच फोडतो आणि बजरंगी पहिलवानाच्या तावडीत सापडतो. पिंकी ही खोडकर पण मनाने निर्मळ मुलगी, शेजाऱ्यांना मदत करायला जाते आणि गोंधळ करून येते. रमण हा पगारावर जगणारा कचेरीतला कारकून. श्रीमतीजी आणि चन्नी चाची यांच्या घरातली भांडणे व समेट साऱ्यांना ओळखीचे होते. गच्चीवर टाकलेली खाट, दुमजली घर, गल्लीतला भाजीवाला, डॉक्टरचा दवाखाना हे तपशील प्राण थोड्या रेषांत उभे करत. फाळणीनंतर वसलेल्या वसाहतींतले शेजारधर्माचे जग या चौकटींत टिकून राहिले आहे. १९८३ मध्ये राष्ट्रीय एकात्मतेवरील ‘रमण – हम एक हैं’ या पुस्तकाचे प्रकाशन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. प्राण यांचे निधन ५ ऑगस्ट २०१४ रोजी झाले आणि २०१५ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

डायमंड, मनोज आणि तुलसी

१९७८ मध्ये गुलशन राय यांनी दिल्लीत ‘डायमंड कॉमिक्स’ सुरू केले. साप्ताहिकाच्या दोन-चार पानांत येणारा चाचा चौधरी आता स्वतंत्र पुस्तक झाला. त्याच्या जोडीला फौलादी सिंह, लंबू-मोटू, चाचा-भतीजा, ताऊजी अशी पात्रे आली. डायमंडने जाड अंकांचीही प्रथा पाडली. त्यांना ‘डायजेस्ट’ म्हणत आणि सुट्टीच्या प्रवासासाठी ते खास घेतले जात. ‘अंकुर बाल बुक क्लब’चे सभासदत्व घेतलेल्या मुलाला दर महिन्याला व्ही.पी.ने पुस्तकांचा संच मिळे. पोस्टमनने आपल्या नावाचे पार्सल आणणे हा लहान गावातल्या मुलासाठी मोठा मान होता. १९९० मध्ये इंद्रजाल कॉमिक्स बंद पडल्यावर फँटम आणि मँड्रेकही डायमंडकडे आले.

मनोज कॉमिक्सने ‘राम-रहीम’ ही मित्रांची जोडी, हवालदार बहादूर आणि क्रुकबाँड दिले. राम आणि रहीम हे दोघे मिळून देशाच्या शत्रूंशी लढत. जातीय तणावाच्या त्या दशकात हिंदू-मुस्लिम मैत्री इतक्या सहजपणे, उपदेशाचा शब्द न काढता मांडणारे बालसाहित्य थोडे होते. मेरठच्या तुलसी कॉमिक्सने अंगारा, जंबू, तौसी ही पात्रे आणली. मेरठमध्ये रहस्यकथा लिहिणाऱ्यांची मोठी फळी होती आणि तीच कॉमिक्सची कथानकेही पुरवू लागली. कथा वेगाने पुढे न्यावी, प्रत्येक पानाच्या शेवटी वाचकाला पान उलटायला लावावे, हे त्यांचे हातखंडा तंत्र. आज हा सारा टापू राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. त्या काळीही धंद्याच्या दृष्टीने तो एकच होता.

राज कॉमिक्स आणि नागराज

‘राजा पॉकेट बुक्स’च्या राजकुमार गुप्ता यांनी १९८६ मध्ये ‘राज कॉमिक्स’ सुरू केले. त्यांचे पुत्र मनोज, संजय आणि मनीष हे पुढे या कामाचे आधार झाले. त्याच वर्षी नागराज आला. कथा परशुराम शर्मा यांची आणि चित्रे पुण्याच्या प्रताप मुळीक यांची होती. मुळीक यांनी त्याआधी ‘अमर चित्र कथा’साठी भरपूर काम केले होते. पौराणिक वीरांच्या शरीरयष्टीचा त्यांचा सराव नागराजच्या कामी आला. दिल्लीच्या या सर्वांत गाजलेल्या महानायकाचा पहिला देह एका मराठी चित्रकाराने घडवला, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

नागराजच्या रक्तात विष आहे आणि त्याच्या शरीरात असंख्य सूक्ष्म सर्प राहतात. प्रोफेसर नागमणी नावाच्या शास्त्रज्ञाने त्याला दहशतवाद्यांना विकण्याचे हत्यार म्हणून घडवलेले असते. बाबा गोरखनाथ त्याच्या डोक्यातील नियंत्रक कुपी काढून त्याला मुक्त करतात आणि तो दहशतवादाविरुद्ध उभा राहतो. नवनाथांच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला गोरखनाथांचे हे रूप परके वाटणार नाही. नागराजच्या जन्माचा काळही ध्यानात घ्यायला हवा. पंजाबातला हिंसाचार, १९८४ चे शीखविरोधी हत्याकांड आणि मे १९८५ मध्ये दिल्लीत झालेले ट्रान्झिस्टर बाँबचे स्फोट यांनंतरचा तो काळ होता. बसमध्ये बेवारस वस्तूला हात लावू नका, हे दिल्लीतल्या मुलांना घरात रोज सांगितले जात असताना दहशतवाद्यांशी लढणारा नायक त्यांच्या हातात आला.

१९८७ मध्ये अनुपम सिन्हा यांनी सुपर कमांडो ध्रुव निर्माण केला. सर्कशीत वाढलेल्या या तरुणाकडे अलौकिक शक्ती नाही. विज्ञान, कसरत आणि हजरजबाबीपणा यांच्या जोरावर तो जिंकतो. त्याच्या कथांतून मुले भौतिक व रसायनशास्त्राच्या गोष्टी नकळत शिकली. परमाणू हा दिल्लीचा पोलिस निरीक्षक विनय, त्यामुळे दिल्लीचे रस्ते त्याच्या कथांत आले. डोगा मात्र मुंबईचा. उकिरड्यावर टाकलेले आणि एका डाकूने वाढवलेले मूल मोठे होऊन कुत्र्याचा मुखवटा घालते आणि गुन्हेगारांचा नायनाट करते, ही त्याची कहाणी इतर महानायकांपेक्षा कठोर होती. बांकेलाल हा विनोदी. राजाचा काटा काढायला निघालेल्या या कारस्थान्याच्या प्रत्येक डावातून शेवटी राजाचेच भले होते.

या कॉमिक्समध्ये दोषही होते. स्त्रिया बहुधा संकटात सापडणाऱ्या म्हणूनच येत, खलनायक काळे आणि बेढब रंगवले जात, पुढे पुढे मारधाड भडक झाली. परदेशी नायकांची छाया काही पात्रांवर उघड दिसते. तरीही या पात्रांची बोली, नाती आणि भीती उत्तर भारतातली होती, आणि मुलांनी त्यांना आपले म्हणून स्वीकारले.

अंक कसा तयार होई

३२ पानांचा अंक हा या धंद्याचा पाया होता. मोठ्या विशेषांकाला त्याच्या दुप्पट पाने असत. लेखक आधी प्रत्येक चौकटीत काय दिसेल आणि कोण काय बोलेल ते लिहून देई. चित्रकार छापील पानापेक्षा मोठ्या जाड कागदावर पेन्सिलने आराखडा काढी. दुसरा कारागीर ब्रश आणि टाकाने शाईच्या रेषा पक्क्या करी. संवाद हाताने लिहिण्यासाठी सुलेखनकार वेगळा असे. फुग्यांत बसतील, धक्क्याच्या जागी मोठे होतील, किंकाळीत थरथरतील अशी अक्षरे काढणे ही स्वतंत्र कला होती. मग रंग भरले जात आणि चार रंगांच्या प्लेट करून ऑफसेटवर छपाई होई. मुखपृष्ठाकडे विशेष लक्ष दिले जाई, कारण स्टॉलवर दोरीला टांगलेल्या पन्नास अंकांत ग्राहकाची नजर पकडणे हे त्याचे काम होते.

अंक सुटा येत नसे. दर महिन्याला अनेक शीर्षकांचा एक ‘सेट’ निघे आणि मागील पानांवर पुढच्या सेटची जाहिरात असे. एखादी कथा दोन-तीन अंकांत विभागली की मुले पुढच्या सेटची वाट पाहत बसत. सोबत स्टिकर, पोस्टर किंवा कार्डे फुकट मिळत. राज कॉमिक्सच्या ‘ग्रीन पेज’मधून संजय गुप्ता वाचकांशी पत्रव्यवहार करत. दिल्लीचा संपादक आपल्या पत्राला उत्तर देतो, ही गोष्ट पाटण्याच्या वा कोट्याच्या मुलासाठी अपूर्वाईची होती.

भाड्याची दुकाने

कॉमिक्स विकत घेणाऱ्यांपेक्षा भाड्याने वाचणारी मुले कितीतरी अधिक होती. किराणा, स्टेशनरी किंवा पानाचे दुकान चालवणारा माणूस एका बाजूला लाकडी मांडणी ठेवी, दोऱ्या बांधून त्यावर कॉमिक्स टांगी आणि पन्नास पैसे किंवा रुपया भाड्याने एका दिवसासाठी देई. दुकानासमोरच्या बाकावर किंवा पायरीवर बसून वाचले तर भाडे आणखी कमी. अंक फाटू नये म्हणून दुकानदार त्याला जाड पुठ्ठा लावून दोऱ्याने शिवत. वार्षिक परीक्षा संपल्या की या दुकानांचा हंगाम सुरू होई आणि शाळा उघडेपर्यंत चाले.

एका अंकामागे किती वाचक होते याचा हिशेब म्हणूनच विक्रीच्या आकड्यांवरून लागत नाही. एक मूल भाड्याने आणी, भावंडे वाचत, मग शेजारच्या मुलाशी अदलाबदल होई आणि संध्याकाळी अंक दुकानात परत जाई. शिपायाचा मुलगा आणि अधिकाऱ्याचा मुलगा एकाच दुकानातून एकच नागराज नेत. ज्या घरांत शालेय पुस्तकांपलीकडे एकही पुस्तक नव्हते, तिथे हिंदी वाचनाची गोडी लागली ती या दुकानांमुळे. शिक्षक कॉमिक्स जप्त करत आणि पालक अभ्यासाच्या नावाने ओरडत, पण हजारो मुलांचे वाचन याच चौकटींत वेगवान झाले.

छोटा पडदा आणि ओहोटी

या व्यवसायाच्या भरभराटीच्या काळातच त्याचा प्रतिस्पर्धीही दिल्लीत मोठा होत होता. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले. त्या खेळांचे बोधचिन्ह असलेला अप्पू हत्ती मुलांचा एवढा लाडका झाला की १९ नोव्हेंबर १९८४ रोजी प्रगती मैदानात सुरू झालेल्या मनोरंजन उद्यानाला ‘अप्पू घर’ हेच नाव मिळाले. ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ पासून, ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ पासून आणि ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ पासून सुरू झाले. घरात फक्त दूरदर्शन असताना मात्र कॉमिक्सला फारसा धोका नव्हता. मुलांचे कार्यक्रम आठवड्यातून थोडाच वेळ असत आणि उरलेली दुपार मोकळी होती.

ती दुपार केबलने घेतली. १९९१ नंतर गल्लोगल्ली केबलच्या तारा आल्या, १९९२ मध्ये झी टीव्ही आणि १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क सुरू झाले. १९९७ मध्ये दूरदर्शनवर आलेला ‘शक्तिमान’ हा महानायक भाडे न देता घरात येत होता. भाड्याची दुकाने व्हिडिओ गेम, टेलिफोन बूथ आणि पुढे सीडीकडे वळली. कागद महागला तशा किमती वाढल्या आणि विकत घेणे आणखी अवघड झाले. मनोज आणि तुलसी ही नावे बाजारातून गेली. राज आणि डायमंड टिकले, पण त्यांचा पसारा आक्रसला. अप्पू घरही १७ फेब्रुवारी २००८ रोजी बंद झाले. ‘लोटपोट’मधले मोटू-पतलू २०१२ मध्ये अॅनिमेशन मालिका होऊन परतले. नव्या मुलांना ते मूळचे कागदावरचे आहेत हे सांगावे लागते.

आठवणींचा बाजार आणि जतनाचा प्रश्न

विसाव्या शतकात ही कॉमिक्स वाचणारी मुले एकविसाव्या शतकात कमावती झाली आणि जुने अंक शोधू लागली. त्यांचा पहिला आधार दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार होता. तिथल्या पदपथावर रद्दीतून आलेले अंक मिळत. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हा बाजार पदपथावरून उठला आणि असफ अली मार्गावरील महिला हाटमध्ये गेला. फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाट येथे देशातले पहिले कॉमिक कॉन भरले. तिथे अनंत पै यांना जीवनगौरव जाहीर झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच, २४ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. दिल्लीतच नव्वदच्या दशकापासून मोठ्यांसाठीची चित्रकथाही रुजली. ओरिजित सेन यांचे नर्मदेवरील ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ मध्ये आणि सारनाथ बॅनर्जी यांचे ‘कॉरिडॉर’ २००४ मध्ये आले. २०११ मध्ये दिल्लीच्या ‘नवयान’ने डॉ. आंबेडकरांच्या जीवनावरील ‘भीमायन’ प्रसिद्ध केले. त्याची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी काढली आहेत. जुनी पात्रेही विस्मरणात गेली नाहीत. २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या ‘नमामि गंगे’ या गंगा स्वच्छतेच्या कार्यक्रमाने चाचा चौधरीला आपले बोधचिन्ह केले.

जुन्या अंकांची पुनर्मुद्रणे आता निघतात आणि संग्राहक मूळ प्रतींसाठी छापील किमतीच्या कित्येक पट पैसे मोजतात. एवढ्याने इतिहास टिकणार नाही. हे अंक हलक्या कागदावर छापलेले होते आणि भाड्याच्या दुकानांत हाताळून जीर्ण झालेले आहेत. सुलेखनकार, रंग भरणारे, शाई करणारे कारागीर यांची नावे अनेक अंकांवर छापलीच गेली नाहीत. त्यातले जे हयात आहेत त्यांच्याकडून माहिती आजच घ्यायला हवी. १९५४ च्या पुस्तक वितरण कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि ठरलेल्या अन्य ग्रंथालयांकडे पाठवायची असते. दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईची एशियाटिक सोसायटी त्यांत येतात. फाळणीत सर्वस्व गमावलेल्या माणसांनी पुन्हा उभ्या केलेल्या धंद्याने हजारो मुलांना वाचनाची गोडी लावली, तेव्हा त्या धंद्याचे साहित्य या ग्रंथालयांतही ग्रंथ म्हणून जपले गेलेच पाहिजे. ज्यांच्या माळ्यावर किंवा ट्रंकेत असे जुने अंक असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. एखाद्या ग्रंथालयाला किंवा संग्राहकाला द्यावेत, आणि अंक कोठून व किती भाड्याने आणला होता तेही सोबत लिहून ठेवावे.